एकसष्टचं उत्तर

संगमनेर, जि. अहिल्यानगर
रविवार

चि. मुक्ता,

फोनवर तू म्हणालीस, ‘मामा, मोठी संख्या म्हणजे नुसती अंकांची लांबड.’ म्हणून हे पत्र. वही-पेन घेऊनच वाच.

शून्याहून मोठ्या एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग कर, त्याला ६१ नं गुण आणि १ मिळव. येणारं उत्तरही पूर्ण वर्ग हवं. ६१ च्या जागी ६० असते तर ४ घेऊन भागलं असतं: १६ × ६० + १ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात, ६३ चा वर्ग मिळतो. मधल्या ६१ ला मात्र लहानात लहान संख्या लागते ती २२,६१,५३,९८०! आणि वर्गमूळ येतं १,७६,६३,१९,०४९.

आधी नवाचा ताळा घे. पहिलीच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे बाकी शून्य. ६१ नं गुणून १ मिळवल्यावर बाकी १. दुसरीची बेरीज ४६, बाकी १, तिच्या वर्गाचीही १. ताळा जुळला, पण ताळा म्हणजे सिद्धता नव्हे.

आता त्या दहा अंकी संख्येतून १ वजा कर आणि निम्मं कर. ८८,३१,५९,५२४ येतात, हा २९७१८ चा वर्ग. मग मूळ दहा अंकी संख्येत १ मिळवून १२२ नं भाग. १,४४,७८,०२५ येतात, हा ३८०५ चा वर्ग. २९७१८ आणि ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट कर, पहिली संख्या हजर! एक कमी आणि एक जास्त यांचा गुणाकार म्हणजे वर्ग उणे एक, हे तुला शाळेपासून पाठ आहे. सिद्धता तिथंच पुरी होते.

२९७१८ आणि ३८०५ ही जोडीसुद्धा ३९ आणि ५ यांच्यातून निघते: ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. फरक फक्त चारचा. एवढ्या फरकावरून ब्रह्मगुप्ताच्या ‘भावने’नं, म्हणजे दोन उत्तरांतून नवं उत्तर काढण्याच्या रीतीनं, भास्कराचार्य शेवटच्या उत्तरापर्यंत पोचले. ‘बीजगणित’ या त्यांच्या ग्रंथातलं हे चक्रवाल रीतीचं गणित ११५० च्या सुमाराचं. फर्मानं हीच ६१ ची संख्या युरोपातल्या गणितज्ञांपुढं टाकली ती १६५७ साली.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, चाळीसगावजवळच्या पाटण इथं १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढल्याची नोंद त्यात आहे. दिवाळीत आलीस की जाऊ.

तेव्हा लांबड म्हणू नकोस. मोठी संख्या कुठून आली हे कळलं, की ती हाताशी येते. आता १०९ घे. वर्गमूळ पंधरा अंकी येतं; कॅल्क्युलेटरशिवाय कुठवर पोचलीस ते कळव.

तुझा,
मामा