डिपर बंद, फॉग चालू

पावसाळ्यात आंबेनळी किंवा आंबोलीचा घाट चढताना रात्री ढग रस्त्यावर उतरला की माझा हात आपोआप दिव्यांच्या दांडीकडे जातो. मला एवढंच हवं असतं की डिपर बंद व्हावा, पार्किंग लाइट राहावेत आणि बंपरमधले दोन फॉग लॅम्प तेवढे चालू असावेत. काही गाड्यांत हे सहज होतं. दांडीच्या टोकाची कडी पार्किंगच्या खुणेवर ठेवायची, मधली कडी फॉगच्या खुणेवर फिरवायची, झालं. काही गाड्यांत मात्र डिपर घालवला की फॉगही जातो. फॉग हवा तर डिपर लावाच, असा गाडीचा आग्रह असतो. गाड्यांच्या गप्पांत हा प्रश्न निघाला की बहुतेक जण म्हणतात, एवढ्या बारीक गोष्टीत काय आहे, दोन्ही लावून टाकावेत. मला ती गोष्ट बारीक वाटत नाही. फॉग लॅम्प ज्या कामासाठी बनलेला आहे ते काम डिपरच्या सोबतीने अर्धवट होतं. दाट धुक्यात डिपर बंद करून फक्त फॉगवर गाडी चालवण्याची मुभा चालकाच्या हातात असलीच पाहिजे, असं इतके पावसाळे घाटात गाडी चालवून माझं ठाम मत झालं आहे.

धुक्यात रात्री डोळ्यांना अडवतो तो मुख्यतः आपल्याच दिव्याचा उजेड. हवेत तरंगणारा पाण्याचा प्रत्येक थेंब त्यातला कणभर उजेड परत आपल्याकडे फेकतो. एका थेंबाचं काही नाही, पण समोरच्या दहा-वीस मीटरांत असे अगणित थेंब असतात आणि त्यांचा मिळून पांढरा पडदा उभा राहतो. रस्ता त्याच्या मागे असतो, उजळलेलाही असतो, पण पडदा त्याच्याहून उजळ असल्यामुळे नजर तिथवर पोचत नाही. अप्पर लावला की समोर भिंत येते हे घाटातला प्रत्येक चालक जाणतो. डिपरने ती भिंत पातळ होते, जात नाही. ती किती दाट होणार हे बरंचसं यावर ठरतं, की दिव्याचा झोत आणि आपली नजर हवेच्या किती पट्ट्यात एकमेकांवर येतात. साध्या कारमध्ये चालकाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर असतात आणि हेडलाइट ६० ते ७० वर, म्हणजे मध्ये जेमतेम अर्धा मीटर. फॉग लॅम्प ३०-४० सेंटिमीटरवर बसवलेला असतो, त्यामुळे तेच अंतर ८० सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि झोत नजरेच्या बराच खालून सरकतो. ट्रकचा चालक दोन मीटरहून उंच बसतो, त्याचे हेडलाइट त्याच्या नजरेच्या खूप खाली असतात, म्हणून त्याच धुक्यात त्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं. ट्रकचे मागचे लाल दिवे धरून त्याच्या वेगाने जाणाऱ्या कारवाल्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. त्याला जे दिसतं आहे ते आपल्याला दिसत नसतं.

उंचीइतकाच झोताचा आकारही महत्त्वाचा. रात्री एखाद्या कोऱ्या भिंतीसमोर सात-आठ मीटरवर गाडी उभी करून आधी फक्त डिपर आणि मग फक्त फॉग लावून पाहावं. डिपरचा उजेड भिंतीवर एका बाजूला चढत जातो. आपल्याकडे डावीकडे, कारण रस्त्याच्या कडेच्या पाट्या आणि माणसं लांबून दिसावीत अशी त्याची रचना आहे. कोरड्या रात्री हा चढ वरदान असतो आणि ढगात तोच पांढरा होऊन डाव्या डोळ्यासमोर लोंबतो. फॉगचा पट्टा मात्र सपाट पडतो. वरची कड सुरीने कापल्यासारखी, गुडघ्याच्या खाली, आणि दोन्ही अंगांना भिंत संपेपर्यंत पसरलेली. हा दिवा लांब पाहण्यासाठी नाहीच. चाकांसमोरचा डांबराचा तुकडा, कडेची पांढरी रेघ, साइडपट्टी कुठे संपते आणि गटार कुठे सुरू होतं, मोरीचा कठडा, वळणाचा दगड, एवढं त्याने दाखवायचं. आता त्यावर डिपरही लावला, तर भिंतीवर दोन्ही उजेड एकत्र होतात आणि वरची ती स्वच्छ कापलेली कड नाहीशी होते. धुक्यातही नेमकं तेच घडतं. फॉगने खाली जे कमावलं ते डिपर वरून पुसून टाकतो. पिवळ्या काचेने यात फारसा फरक पडत नाही, हेही सांगायला हवं, कारण पिवळा उजेड धुकं भेदतो असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. धुक्याचा थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे तो सगळे रंग सारखेच विखुरतो. तसं नसतं तर धुकं पांढरं दिसलंच नसतं. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइटच पिवळे असत, पण म्हणून तिथलं धुकं पातळ झालं नाही. पांढऱ्या दिव्यावर पिवळी फिल्म चिकटवली की थोडा उजेड कमी होतो, इतकंच.

ही माझी एकटीची हौस नाही, नियमांतही तिला आधार आहे. वाहनांवर दिवे कसे बसवावेत हे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा नियम बऱ्याच देशांनी स्वीकारला आहे. त्यात पुढच्या फॉग लॅम्पबद्दल स्पष्ट म्हटलं आहे, की ते अप्पर आणि डिपर यांच्यापासून स्वतंत्रपणे चालू-बंद करता आले पाहिजेत. जमिनीपासून ते २५० मिलिमीटरपेक्षा खाली नकोत आणि कारमध्ये ८०० मिलिमीटरपेक्षा वर नकोत. मात्र पार्किंग लाइट, मागचे लाल दिवे आणि नंबरप्लेटचा दिवा लागल्याशिवाय फॉग लागता कामा नये. आपल्याकडचं एआयएस-००८ हे मानक याच धर्तीचं आहे आणि या मानकांचं कामकाज पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून चालतं. ‘स्वतंत्रपणे’ या शब्दाचा अर्थ ‘डिपर चालू असताना फॉग बंद ठेवता येतो’ एवढाच लावला तर वाक्याचा अर्धा भाग गळून पडतो. जर्मनीचा रहदारी कायदा तर याहून पुढे जातो. धुकं, बर्फ किंवा पाऊस यांमुळे दिसणं फार कमी झालं तर दिवसाही डिपर लावा, असं तो सांगतो, आणि लगेच पुस्ती जोडतो की पुढे दोन फॉग लॅम्प असतील तर डिपरऐवजी फॉग आणि पार्किंग लाइट एवढे पुरेत. ज्या देशात वेगमर्यादा नसलेले महामार्ग आहेत आणि शिस्तही कडक आहे, तिथल्या कायद्याने ही जोडी पुरेशी मानली आहे. अमेरिकी बाजारातल्या बऱ्याच गाड्यांत उलट रीत दिसते. तिथे फॉग डिपरला बांधलेला असतो आणि अप्पर लावला की विझतो. अप्पर लावल्यावर विझण्यामागचं कारण मला पटतं. डिपर बंद केल्यावर विझण्याला मात्र पटण्यासारखं कारण सापडत नाही.

सह्याद्रीत ही मुभा जास्तच लागते. उत्तरेकडचं हिवाळी धुकं जमिनीवर साचतं आणि रात्रभर, कधी दुपारपर्यंत, एकाच दाटीने पडून राहतं. आपल्या घाटात जुलै-ऑगस्टमध्ये असतो तो वाऱ्याने रेटलेला ढग. एका वळणावर बॉनेटची कड दिसत नाही, पुढच्या वळणावर दरीपलीकडचे दिवे स्वच्छ, आणि त्याच्या पुढच्या खिंडीत पुन्हा पांढरा अंधार. पाच मिनिटांत तीनदा दिवे बदलावे लागतात. उघडं मिळालं की डिपर, कारण तिथे लांबचं दिसणं गरजेचं असतं. ढगात शिरलं की डिपर बंद, फक्त फॉग. हे काम ऑटो नावाच्या सेन्सरला जमत नाही, कारण तो आजूबाजूचा उजेड मोजतो, धुकं मोजत नाही. दिवसाचं धुकं तर चांगलंच उजळ असतं. सेन्सरला वाटतं लख्ख दिवस आहे, म्हणून तो डिपर लावत नाही. बऱ्याच गाड्यांत पुढे दिवसाचे एलईडी दिवे जळत असतात, त्यामुळे चालक निर्धास्त असतो, आणि मागे एकही दिवा नसतो. अशा वेळी फॉगची कडी फिरवली की पार्किंग आणि मागचे दिवे आपसूक लागले पाहिजेत. दिवसा ढगात आपल्याला दिसण्यापेक्षा आपण दुसऱ्याला दिसणं मोठं, आणि ते काम पार्किंग व फॉग मिळून नीट करतात.

पहिला आक्षेप इथूनच येतो. हेडलाइट बंद ठेवले तर समोरच्याला गाडी दिसणार कशी? मुळात पार्किंग लाइट सक्तीने चालू असतात, म्हणजे मागचे दिवेही असतात. शिवाय फॉग लॅम्प सहसा बंपरच्या दोन टोकांशी असल्यामुळे समोरच्याला गाडीची रुंदी कळते. घाटात ओलांडताना तेवढंच कळायला हवं असतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी मान्य करते. लोक शोभेसाठी, स्वच्छ कोरड्या रात्रीही फॉग लावून फिरतात, आणि ओल्या डांबरावरून परावर्तित होऊन तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ब्रिटनमध्ये दिसणं फार कमी झालं असेल तरच, म्हणजे साधारण १०० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच फॉग लावता येतो. एरवी लावणं बेकायदा आहे. तसा नियम आपल्याकडे कसून पाळला जावा, असं मलाही वाटतं. पण फॉग डिपरला बांधल्याने हा गैरवापर थांबत नाही, कारण शोभेवाला नेहमी डिपरसोबतच फॉग लावतो. बांधणीचा तोटा होतो तो ढगात अडकलेल्या माणसाला. गैरवापर रोखायचाच असेल तर गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की फॉग आपोआप बंद राहावा, हा साधा उपाय आहे. आज दिव्यांचं नियंत्रण गाडीतल्या संगणकाकडे असल्यामुळे त्यासाठी वेगळी तार ओढावी लागत नाही. हे काम कारखान्यातच व्हावं. रस्त्यावरच्या वायरिंगवाल्याकडून हार्नेस कापून रिले बसवून घेतला तर वॉरंटी जाते, आणि पावसात त्या जोडातून पाणी शिरतं ते वेगळंच.

तिसरा आक्षेप असा, की फॉगचा उजेड फार थोडा पोचतो, मग त्याच्यावर गाडी चालवणं धोक्याचं नाही का? त्याची मर्यादा खरी आहे. विरळ धुक्यात, जिथे शंभर-दीडशे मीटर दिसतं, तिथे एकट्या फॉगवर चालवू नये, डिपरच चांगला. पण दाट धुक्यात डिपर लांबचं दाखवत नाही, लांबचं दिसत असल्याचा भास देतो. हवामान खातं ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर अति दाट धुकं म्हणतं. ओला रस्ता, ब्रेकची पकड बेताची आणि ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद असं धरलं, तर ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी थांबायला २० मीटरहून थोडं जास्त लागतं. ताशी ६० ला जवळपास ६० मीटर लागतात. म्हणजे घाटातल्या ढगात वेग तिशीच्या आतच हवा, दिवा कोणताही असो. त्या वेगाला फॉगचा जवळचा, रुंद, स्वच्छ उजेड नेमका जुळतो. पांढरी रेघ सतत डोळ्यांसमोर राहते आणि मान पुढे काढून काचेला नाक लावावं लागत नाही. उलट डिपरच्या पांढऱ्या पडद्यात डोळे जवळच्या चकाकीवरच अडकतात आणि अर्ध्या तासात थकतात.

मागच्या लाल फॉग लॅम्पबद्दल मात्र मी असं स्वातंत्र्य मागणार नाही. तो पुढचा फॉग, डिपर किंवा अप्पर यांपैकी काहीतरी चालू असेल तरच लागतो, आणि ते योग्य आहे. तो इतका प्रखर असतो की धुकं विरळ झाल्यावर मागच्याला त्याच्यापुढे ब्रेकलाइट ओळखू येत नाही. म्हणूनच नियमाने त्याला ब्रेकलाइटपासून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त दूर ठेवलं आहे. जर्मनीत धुक्यामुळे ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच तो लावता येतो. आपल्याकडे घाटात त्याच्या जागी चारही इंडिकेटर चालू ठेवायची सवय पडली आहे. हेतू चांगला असतो, आपण दिसावं हाच. पण चारही चमकत असताना ही गाडी कुठे वळते आहे, की बंद पडून उभी आहे, हे मागच्याला कळत नाही. ढगातून बाहेर आलं की मी आधी डिपर लावते, लगेच मागचा लाल दिवा बंद करते, आणि कडेची रेघ डिपरमध्ये नीट दिसायला लागली की पुढचे फॉग.