बाबांचा ल

परवा दिवाळीत साखरखेर्ड्याला गेलो होतो. बाबांसाठी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून नेलं होतं. उभा जन्म फळ्यावर लिहिण्यात गेलेला माणूस, अक्षराचं भारी वेड! लिबरऑफिस उघडून दिलं आणि त्यांनी गावाची हकिगत टाइप करायला घेतली... 1724 साली इथे निझामाने मुबारिझखानाला हरवलं आणि गावाचं नाव फत्तेखेर्डा केलं.

चार ओळींत थांबले. "काऊन रे, हा ल हिंदीतला कसा?"

खरंच होता. आपला ल दोन पाकळ्यांचा, हा दांडीला टांगलेला. श चंही तेच. मी आधी फाँटला शिव्या दिल्या. पण नोटो सान्स देवनागरीत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंद असेल तर आपला ल उमटतो. इथे नोंद होती हिंदी. बाबांनी केली नव्हती, मीही नाही. प्रोग्रामसोबत आलेल्या डीफॉल्टने केली होती.

तसा दोष त्याचाही नाही म्हणा. देवनागरी हिंदीची, नेपाळीची, कोकणीचीही. इन्स्टॉल करताना मी भाषा इंग्रजी निवडली होती (मराठी मेनूत मलाच काही सापडत नाही!), मग त्याने अंदाज तरी कसा बांधावा?

ओपन सोर्सच्या या कॉन्फिग फाइली बहुतेक साध्या मजकुराच्या. कुणीही उघडाव्या, बदलाव्या. डेबियनचा तर नियमच आहे, तुम्ही बदललेली कॉन्फिग फाइल अपग्रेडमध्ये न विचारता पुसायची नाही. पण उघडतो कोण? बाबांनी सेटिंग शोधलं नाही. "कॉम्प्युटरला मराठी येत नसंल," एवढं म्हणून ते कागद शोधायला उठले. ते मला लागलं.

दोन मिनिटांत भाषा बदलून दिली. हीच दुरुस्ती मी माझ्या मशीनवर केलीय, ताईच्याही. वरती, प्रोग्राम लिहिणाऱ्यांना, एकदाही कळवलं नाही. इतकी वर्षं फुकट वापरतोय... असो.

रात्री तक्रार लिहायला बसलो. इंग्रजी निवडणाऱ्याला देवनागरीसाठी निदान एकदा भाषा विचारा, एवढीच मागणी. शेजारी बाबा तिसऱ्या पानावर होते. म्हणाले, "फत्तेखेर्डा कोणी म्हणतं का आता?"

"नाही."

"मग लिही नीट."