आजीचा हात आणि वर्धा रोड

बालमित्रांनो, एक गंमत सांगू? नागपुरात एक मोठा रस्ता आहे, त्याचं नाव ‘वर्धा रोड’. पण आमच्या वर्ध्यात येऊन कुणाला विचाराल, की वर्धा रोड कुठं आहे, तर लोक तुमच्याकडे बघून हसतील. कारण आमच्याकडे असतो तो ‘नागपूर रोड’! रस्त्याला नाव मिळतं ते तो जिथं जातो त्या गावाचं. तो ज्यांच्या दारावरून जातो, त्यांचं नाव त्याला कुणी देत नाही.

लहानपणी मला या गोष्टीचं फार हसू यायचं. आता तेवढं येत नाही. का, ते आज तुम्हांला सांगणार आहे. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

१९८९ सालची गोष्ट. मी तेव्हा सहावीत होतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात. नागपूरच्या काकांकडे बाळाचं बारसं होतं. आई मदतीला आधीच गेली होती आणि बाबांना कापूस वेचणीमुळे निघता येईना. म्हणून आजी आणि मी, असे दोघंच निघालो. आजीनं पिशवीभर तुरीच्या हिरव्या शेंगा घेतल्या. सेलू रोड स्टेशनवर पॅसेंजर पकडली. तुळजापूर, सिंदी, बोरखेडी, बुटीबोरी अशी एकेक स्टेशनं मी मोठ्यानं वाचत होतो, आणि आजी प्रत्येक स्टेशनावर विचारत होती, “आलं काय रे नागपूर?”

अजनीला उतरून आम्ही पायी निघालो. काकांचं घर वर्धा रोडच्या पलीकडे होतं. हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तो हाच. ट्रक, एस. टी. गाड्या, ऑटो, स्कूटर यांची नुसती रीघ लागलेली. आजीनं उभा जन्म बैलगाडीच्या वाटेवर काढलेला. तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “हात सोडू नको रे बाप्पा!”

तेवढ्यात पलीकडे माझा चुलतभाऊ दिसला. आम्हांला घ्यायला आला होता, दोन्ही हात हलवत होता. मग मी काय केलं असेल? आजीच्या हातातून माझा हात सोडवला आणि धूम ठोकली! दोन गाड्यांच्या मधून सुर्रकन पलीकडे पोचलोसुद्धा. मला वाटलं, केवढा पराक्रम केला!

मागं वळून पाहिलं तर आजी एकटी. ती मला शोधत होती. मी दिसल्याबरोबर इकडं तिकडं न बघता ती सरळ माझ्याकडे यायला निघाली. निम्म्या रस्त्यात एका स्कूटरचा धक्का लागला. तुरीच्या शेंगा सगळ्या डांबरावर पसरल्या. त्या शेंगा मला अजून दिसतात.

आजीच्या खुब्याचं हाड मोडलं. ती वाचली, पण त्यानंतर काठीशिवाय चालली नाही. आमचं शेत नाल्यापलीकडे होतं. नाला उतरून चढणं तिला जमेना, म्हणून ती पुन्हा कधी शेतात गेली नाही. अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, “तूर कशी हाये वावरातली?”

सगळ्यांनी विचारलं, असं झालं कसं? मी गप्प. आजीच म्हणाली, “मीच हात सोडला पोराचा. त्याले काही म्हणू नका.” खरं काय ते तिला ठाऊक होतं आणि मला. पुढं एकदा धीर करून मी तिच्याजवळ कबूल केलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तू लहान होता रे. अन् तो रस्ता लय मोठा होता.”

मित्रांनो, मी मोठा झालो आणि आजीच्या त्या शेवटच्या वाक्याचा पुन्हा पुन्हा विचार करू लागलो. चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. पण आजीसारख्या बाईनं तो रस्ता ओलांडायचा कसा, याचा विचार कुणी केला होता का?

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. नवा रस्ता दिसला, की मी दोन प्रकारची माणसं शोधतो. एक, रस्त्यानं जाणारी. दुसरी, रस्ता ओलांडणारी. रस्ता मोठा झाला की पहिल्यांची सोय होते. पण दुसऱ्यांचं काय?

नागपूर शहर वाढतच गेलं. १९९१ च्या शिरगणतीत तिथं सोळा लाखांवर माणसं होती, २०११ मध्ये चोवीस लाखांवर गेली. माणसं वाढली, गाड्या वाढल्या. वर्धा रोडवर छत्रपती चौकात एक उड्डाणपूल होता. मेट्रो रेल्वेसाठी २०१६ मध्ये तो पाडला आणि त्याच रस्त्यावर चक्क तीन मजली वाहतूक उभी राहिली! खाली जुना रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. मेट्रो पहिल्यांदा धावली मार्च २०१९ मध्ये, आणि उड्डाणपूल सुरू झाला नोव्हेंबर २०२० मध्ये. एकाच खांबांच्या रांगेवर रस्ता आणि मेट्रो पेलणाऱ्या या ३.१४ किलोमीटर लांबीच्या पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. खांब एकच, त्यामुळे जागा वाचली. आहे की नाही हुशारी?

हे सगळं पाहायला मी माझ्या मुलीला घेऊन गेलो. मेट्रोत बसून उंचावरून वर्धा रोड पाहताना ती टाळ्या पिटत होती. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू? लांब पल्ल्याच्या गाड्या वरच्या पुलावरून निघून गेल्या की खालच्या रस्त्यावरचा तेवढा भार कमी होतो. पण मी खाली वाकून शोधत होतो रस्ता ओलांडणारी माणसं. ती अजूनही खालच्याच मजल्यावर होती. कुणी हात वर करून गाड्या थांबवत होतं, कुणी पळत होतं.

असंच दुसरं उदाहरण आमच्या जिल्ह्यातलं. नागपूरहून मुंबईला जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तो नागपूर ते शिर्डी असा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. तो आमच्या सेलू तालुक्यातून जातो. वेगानं जाणाऱ्या मोटारी आणि ट्रकसाठी तो केलेला आहे. त्यावर बैलगाडी चालत नाही, सायकल चालत नाही, मोटारसायकलसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना कुंपण. मग पलीकडच्या शेतात जायचं कसं? त्यासाठी रस्त्याखालून भुयारी वाटा ठेवल्या आहेत. इतकंच नव्हे, रानातल्या जनावरांनाही ओलांडता यावं म्हणून काही ठिकाणी खालून आणि वरून वाटा केल्या आहेत. आमच्याकडे बोरचं व्याघ्र अभयारण्य आहे ना! वाघाला आणि नीलगाईला काही सिग्नल कळत नाही. त्यांचा विचार आधी करावा लागला, तेव्हा कुठं त्या वाटा झाल्या.

म्हणजे बघा, मनात आणलं तर मोठ्यात मोठ्या रस्त्यालाही ओलांडायची वाट ठेवता येते. फक्त ती कागदावर रस्ता आखतानाच ठेवायला हवी. रस्ता झाल्यावर ती सुचली, तर फार खर्च येतो. आणि तोवर कुणाच्या तरी शेंगा रस्त्यावर सांडलेल्या असतात.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? तर एक आकडा सांगतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचांत एक! त्यांच्याकडे गाडी नव्हती, वेग नव्हता. ती फक्त चालत होती.

आता थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे! सिग्नलची वेळ ठरवताना अभियंते साधारणपणे असं धरतात, की माणूस एका सेकंदात १.२ मीटर चालतो. रस्ता २४ मीटर रुंद असेल, तर ओलांडायला किती सेकंद? बरोबर, वीस. पण काठी टेकत चालणारी आजी एका सेकंदात ०.८ मीटरच चालत असेल, तर? तिला लागतील तीस सेकंद. वीस सेकंदांत दिवा लाल झाला, की आजी रस्त्यातच उभी राहील, आणखी आठ मीटर जायचे असताना. मधे थांबायला एखादा ओटा असेल तर तिचा जीव भांड्यात पडेल. नसेल तर?

हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. आई-बाबांना बरोबर घ्या, एकटे जाऊ नका. घराजवळच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला उभे राहा. चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती सेकंद राहतो, ते घड्याळात मोजा. मग घरी अंगणात आजी-आजोबांना चालायला सांगा आणि दहा मीटर जायला त्यांना किती सेकंद लागतात, ते लिहून ठेवा. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर वर्गात बाईंना सांगा. सगळ्या वर्गानं मिळून नगरपालिकेला पत्र लिहा. पत्रात रागवायचं नाही, नुसते आकडे लिहायचे. तुमच्यातलेच काही उद्या अभियंते होतील, रस्ते आखतील. तेव्हा कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ही वही आठवा.

माझी आजी आता नाही. पण अजूनही वर्धा रोडवर आलो, की मी मुलीचा हात घट्ट धरतो. ती आता चांगली दहावीत आहे. चिडते, म्हणते, “बाबा, मी काय लहान आहे?”

मी हात सोडत नाही.