आकडा एक्केचाळीस



आमच्या धर्मग्रामातल्या एका आजींची लग्नाची अंगठी हरवली, त्याला आता वर्ष होईल. सणाआधी चर्चच्या आवारातले गवत काढायला आम्ही दहाबारा जण जमलो होतो. आजीही आल्या, नको म्हटले तरी. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. बोटे वाळली म्हणून त्यांनी अंगठीला आतून दोरा गुंडाळला होता. घरी गेल्यावर हात धुताना बोट रिकामे दिसले.

दोन दिवस आम्ही गुडघ्यांवर बसून शोधले. मग कुणाला तरी सुचले, म्हणून कोप्पीकर रोडच्या एका आतल्या बोळात कॅमेरे आणि अलार्म विकणाऱ्याकडे गेलो. त्याने दारावर माणसे तपासायचा हातातला दांडा दोन दिवसांसाठी दिला. तो दांडा फार प्रामाणिक, पण भोळा. खिळा असो, बिजागरी असो, बाटलीचे झाकण असो, सगळ्यांना एकच 'टीं'. शिवाय दोनचार बोटांपलीकडचे त्याला कळत नाही. चर्चच्या आवारात किती लोखंड पुरलेले असते ते आम्हाला त्या दिवशी कळले. मंडपाचे खिळेच मूठभर निघाले.

शेवटी आमच्याच एका मुलाने, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, बेळगावच्या मित्राचे खरे यंत्र आणले. लांब दांडी, खाली थाळीएवढे वेटोळे, वर आकड्यांची पाटी. आमचे शिक्षण कलाशाखेचे, त्यामुळे त्याने समजावले तसे सांगतो. वेटोळ्यातून उलटसुलट होणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. धातू असेल तर त्यात विजेचे बारीक भोवरे उठतात आणि ते उलट उत्तर पाठवतात. ते उत्तर किती उशिराने येते, त्यावरून यंत्र आकडा दाखवते. लोखंड खाली, तांबे आणि चांदी वर. मधली जागा मात्र गोंधळाची. चॉकलेटचा चांदीचा कागद, गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा आणि बारीक सोन्याची अंगठी, सगळे त्याच पट्टीत. सोने जड आणि महाग, पण बारीक अंगठीचे उत्तर कागदासारखेच हलके येते.

ऐकायला शिकायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. वेटोळे जमिनीला समांतर आणि जमिनीलगत धरायचे, झाडू मारल्यासारखे उचलायचे नाही, घाई करायची नाही. आवाज आला की डावीकडून, उजवीकडून, मग काटकोनात वळून पुन्हा ऐकायचे. चांगली वस्तू चारही बाजूंनी तेच सांगते. गंजलेला खिळा एकीकडून गोड बोलतो, दुसरीकडून घरघरतो. गंमत म्हणजे आपला हल्लीचा रुपया पोलादाचा. चुंबकाला चिकटतो, आणि यंत्रात लोखंडासारखाच वाजतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या बाईचे नाणे चांदीचे होते, ते लगेच सापडले असते. आज दानपेटीतून घरंगळलेला रुपया यंत्र खिळा समजून सोडून देईल.

कागदाच्या तुकड्यांनी आम्हाला रडवले. प्रथम कम्युनियनच्या दिवशी मुलांना वाटलेली चॉकलेटे, त्यांचे वर्षानुवर्षांचे कागद पाण्याच्या टाकीजवळ पुरलेले. दर वितीवर एक आवाज. यंत्राला एक सोय असते, नको ते आकडे बंद करून टाकायचे. आम्ही टाकीजवळ आलो आणि तीस ते पंचेचाळीस बंद केले. यंत्र गप्प झाले. आम्हाला बरे वाटले.

आता लिहायला जड जाते ते लिहितो. आवार झाडायला एक अक्का यायची. त्या दिवशी गवताचे ढीग तिनेच कोपऱ्यात नेले होते. आम्ही तिला विचारले, अंगठी दिसली का? नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. एकदा विचारणे म्हणजे विचारणे. दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे काय, ते दोघांनाही कळते. तिने ढीग स्वतः पसरून दाखवला, पदर झटकला, जो झटकायला कुणी सांगितले नव्हते. पुढच्या सोमवारपासून ती आली नाही. आमच्यातल्या काहींनी त्याचाही अर्थ काढला. आम्ही गप्प राहिलो.

याच दिवसांत सराफांच्या दुकानांमागे गटाराची माती धुणाऱ्या एका म्हाताऱ्या झारेकऱ्याशी बोलणे झाले. दुकानांतला केर, राख, हात धुतलेले पाणी, सगळे घेऊन तो घमेल्यात फिरवतो. वाळूपेक्षा सोने सातपट जड, ते तळाशी राहते. आपल्या धारवाड भागात कप्पतगुड्डाच्या ओढ्यांवर जालगार लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच सोने धूत. आम्ही त्याला विचारले, आधी निवडून का घेत नाही? तो हसला. म्हणाला, "निवडून घेतलं तर मी माझ्या डोळ्याला दिसतं तेवढंच घेईन. सगळं घेतो, मग पाणी निवडतं."

घरी येऊन मत्तयचा तेरावा अध्याय काढला. निदणाची गोष्ट वर्गात आम्ही दरवर्षी शिकवतो. नोकर निदण उपटायला निघतात आणि धनी थांबवतो, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. नोकर वाईट नाहीत, त्यांना शेत स्वच्छ हवे आहे. आम्हालाही टाकीजवळ शांतता हवी होती.

दुसऱ्या दिवशी सगळे आकडे उघडले आणि टाकीपासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक आवाज खणला. बासष्ट कागद निघाले, मुलांनी मोजले. त्रेसष्टाव्या वेळी आकडा एक्केचाळीस, अगदी कागदाचाच. चार बोटे खाली अंगठी होती, आत काळा पडलेला दोरा. गवत उपटून झाल्यावर आजी तिथेच हात धुवायला आल्या होत्या. हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते.

आजी रडल्या, फादरांनी मिस्सेनंतर मंडळीला सांगितले, टाळ्या झाल्या. अक्काचे नाव कुणी काढले नाही. आम्हीही नाही.

जुन्या हुबळीत तिचे घर शोधत दोनदा गेलो, भेट झाली नाही. परवा सकाळी कोप्पीकर रोडवर ती दिसली, एका कापडाच्या दुकानाची पायरी धूत होती. दुकाने उघडायची होती, रस्ता मोकळा होता. आम्ही गाडी बाजूला लावली. काय बोलायचे ते वाटेत कितीदा जुळवले होते, ते काही आठवेना. तिनेच मान वर केली आणि विचारले, "सिक्तेन्री?" सापडली का?

सापडली म्हणालो. कुठे, तेही सांगितले. मग म्हणालो, "अक्का, आम्ही तुम्हाला दुसऱ्यांदा विचारायला नको होते."

तिने बादलीतले उरलेले पाणी पायरीवर ओतले, झाडूने खाली लोटले. आम्ही बाजूला सरकलो. "आजींचे डोळे कसे आहेत आता?" तिने विचारले. आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे होते, ते तिला माहीत होते. आम्हाला नव्हते.