बसले की बसवले? : आयसीयूतील हालचाल मोजताना

आयसीयूबाहेर थांबलेले नातेवाईक रोज विचारतात, "डॉक्टर, आज हालचाल कशी आहे?" "थोडी सुधारणा आहे," हे उत्तर खोटे नसते, पण त्यातून फारसे काही कळत नाही. ताप मोजता येतो, रक्तदाब मोजता येतो. मग हालचाल मोजता येते का? येते. कशी, ते आज पाहू.

मोजायचे कशासाठी?

गंभीर आजारात स्नायू फार वेगाने झिजतात. २०१३ साली ब्रिटनमधील ६३ रुग्णांच्या अभ्यासात मांडीच्या पुढच्या एका स्नायूचा छेद दहा दिवसांत सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. जीव वाचला, पण जिना चढवत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण माझ्यासारख्या फिजिशियनला नेहमी भेटतात. त्याची सुरुवात आयसीयूतच झालेली असते.

मोजपट्टी

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील तज्ज्ञांनी २०१४ मध्ये 'आयसीयू मोबिलिटी स्केल' प्रसिद्ध केली. ती ० ते १० अशी आहे. शून्य म्हणजे रुग्ण नुसता पडून आहे. १ म्हणजे बिछान्यातच बसणे किंवा व्यायाम. त्यापुढच्या काही पायऱ्या अशा:

२ – उचलून किंवा सरकवून खुर्चीत बसवले. रुग्ण उभा राहिला नाही
३ – पलंगाच्या कडेला, पाठीचा थोडा तोल स्वतः सांभाळत बसणे
४ – पायांवर भार घेऊन उभे राहणे
५ – उभे राहून, पावले टाकत खुर्चीपर्यंत जाणे

६ म्हणजे जागच्या जागी पावले उचलणे. ७ पासून चालणे सुरू होते, किमान पाच मीटर: आधी दोघांच्या आधाराने, मग एकाच्या, मग फक्त वॉकर किंवा काठी घेऊन. १० म्हणजे कशाच्याही आधाराशिवाय.

भाषांतर कुठे अडते?

आता २ आणि ५ पुन्हा वाचा. दोन्ही रुग्ण शेवटी खुर्चीतच दिसतात. मराठीत हा फरक एका अक्षरात मावतो: 'बसले' आणि 'बसवले'. संध्याकाळची नर्स "आज खुर्चीत बसले होते" असे सांगते. यातून २ लिहायचे की ५?

चौथी पायरी आणखी फसवी आहे. मूळ व्याख्येत आधाराने उभे राहणेही धरले आहे, तिरप्या होणाऱ्या टेबलावर उभे केलेला रुग्णही त्यात येतो. भाषांतरात नुसते 'स्वतः उभे राहणे' लिहिले, तर ४ मिळायला हवेत असा रुग्ण खालच्या पायरीवर जाईल. शब्द मराठी झाले, पण मोजपट्टी बदलली!

म्हणून केवळ भाषांतर पुरत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, ते जुळवायचे, मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत न्यायचे, आणि अर्थ कुठे सरकला ते तज्ज्ञांनी तपासायचे. त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णांवर पडताळणी. ब्राझीलमध्ये २०१६ साली या मोजपट्टीची पोर्तुगीज आवृत्ती १०३ रुग्णांवर तपासली गेली, आणि दोन तपासनिसांचे गुण उत्तम जुळले.

जुळले म्हणजे काय?

दोघांनी एकाच रुग्णाला एकाच वेळी, एकमेकांचा आकडा न पाहता गुण द्यायचे. सकाळी एकाने आणि संध्याकाळी दुसऱ्याने पाहिले तर चालत नाही, कारण आयसीयूत मधल्या काळात रुग्णच बदललेला असतो. शिवाय बहुतेक रुग्ण पडूनच असतील, तर दोघेही शून्य लिहितील आणि नुसत्या योगायोगानेही जमेल. म्हणून 'कप्पा' नावाचे गणित वापरतात. ते योगायोगाचा वाटा वजा करते. कप्पा १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग.

एकमतही पुरेसे नाही, कारण दोघे मिळून चुकू शकतात. म्हणून हे गुण स्नायूंच्या ताकदीसारख्या दुसऱ्या मोजमापाशी ताडून पाहतात.

आकड्यामागे धावू नये

जास्त गुण मिळवण्यासाठी रुग्णाला घाईने उठवणे हिताचे नाही. २०२२ च्या 'टीम' चाचणीत व्हेंटिलेटरवरील ७५० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त हालचाल करायला लावली. सहा महिन्यांनंतरच्या मुख्य निकालात फायदा दिसला नाही. उलट हृदयाचे ठोके बिघडणे, रक्तदाबात चढउतार असे त्रास अधिक झाले. कधी उठवायचे, हे त्या दिवसाची प्रकृती पाहूनच ठरते.

आपल्याकडे नोंदी इंग्रजीत आणि बोलणे मराठीत, म्हणजे हे भाषांतर रोज पलंगाशेजारी होत असते. त्याची पडताळणी मात्र कोणी करत नाही. थोडी आपण करू शकता. "हालचाल कशी आहे?" असे न विचारता विचारा: "आज त्यांनी स्वतः काय केले? आधार किती जणांचा लागला? कालही तेवढाच लागला होता का?" उत्तर देणाऱ्यालाही मग नीट आठवून सांगावे लागते.