मेल्याची खात्री

‘हाय अव्हेलेबिलिटी पाहिजे’ असं बैठकीत म्हणणारा माणूस सहसा ग्रिडवर स्वतः जॉब टाकत नाही. टाकणाऱ्यांच्या मागण्या वेगळ्या असतात. रांग लवकर सरकू दे, तीन दिवसांचा रन मध्येच मरू नये, डिस्क भरत आली की आधी सांगा. म्हणून क्लस्टरची आखणी करायला बसलो की मी यंत्रांचा विषय लगेच काढत नाही. काय बंद पडलं तर काम अडतं आणि किती वेळ अडलेलं चालेल, एवढंच विचारतो. ‘काहीच बंद पडता कामा नये’ हे ठरलेलं उत्तर आलं, की फळ्यावर आकडे लिहितो. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साडेबावन्न मिनिटं. ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं. त्या सव्वापाच मिनिटांत आमचा रात्रपाळीचा माणूस डोळे चोळत लॅपटॉप उघडतो आणि व्हीपीएनचा पासवर्ड चुकवतो.

मग त्यांना सर्नच्या जागतिक ग्रिडबद्दल सांगतो. लार्ज हेड्रॉन कोलायडरमधून निघणारी माहिती जगभरच्या केंद्रांत वाटून तपासली जाते. मुंबईचं टीआयएफआर हे त्यातलं दुसऱ्या स्तराचं एक केंद्र. या स्तरासाठी करारातलं वार्षिक उपलब्धतेचं लक्ष्य ९५ टक्के आहे. म्हणजे वर्षातले सव्वाअठरा दिवस बंद राहिलं तरी कराराला धक्का नाही. आणि २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडलाच की! फळ्याकडे बघत कोणीतरी म्हणतं, ‘म्हणजे आपल्याला काहीच नको?’ नको असं नाही. काय हवं ते नीट ओळखायला हवं.

ग्रिडच्या सॉफ्टवेअरचा एक गुण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. जॉब वाटणारा मास्टर पडला तरी चालू जॉब पडत नाहीत. स्लर्म या शेड्यूलरमध्ये वाटप करणारा डेमन वेगळा असतो आणि प्रत्येक नोडवर जॉब सांभाळणारा वेगळा. वरचा गेला तरी खालचा आपलं काम करत राहतो, आणि जॉब संपला की निरोप पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा हाक मारतो. एचटीकाँडरने तर ही सबुरी आकड्यातच बांधली आहे. जॉब पाठवणारं यंत्र गायब झालं तरी नोडवरचा जॉब मूळ सेटिंगनुसार ४० मिनिटं वाट बघतो. तेवढ्यात ते यंत्र परत आलं तर जणू काही घडलंच नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकात हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं गेलं ते लोकांच्या टेबलांवरची रिकामी यंत्रं वापरण्यासाठी. यंत्राचा मालक कधीही येऊन कीबोर्डला हात लावेल, हे तिथे पहिल्या दिवसापासून गृहीत होतं.

तेव्हा मास्टर दहा मिनिटं नसला तर नवे जॉब टाकता येत नाहीत, रांग दाखवणारी क्यूस्टॅट ही आज्ञा उत्तर देत नाही, आणि पोरं येऊन म्हणतात, ‘सर, ग्रिड डाऊन आहे.’ ग्रिड डाऊन नसते. तिची आठवण मात्र गेली, कोणता जॉब कोणाचा, कुठे चालू आहे, रांगेत कोण कोणाच्या पुढे हेच पुसलं गेलं, तर दहा मिनिटांनी नवा मास्टर उठून काय करणार? म्हणून माझ्या आखणीत पहिला पैसा दुसऱ्या मास्टरवर खर्च होत नाही. तो ही आठवण ठेवणाऱ्या डिरेक्टरीवर होतो. स्लर्ममध्ये तिला स्टेट-सेव्ह म्हणतात, ग्रिड इंजिनमध्ये स्पूल. ती दोन्ही मास्टरना दिसली पाहिजे, म्हणजे ती नेटवर्कवरून दिसणाऱ्या एनएफएसवर गेली. मग तो एनएफएस सर्व्हर पडला तर? अनेक आराखडे इथेच उघडे पडतात. दोन चकचकीत मास्टर, आणि दोघांच्या खाली कोपऱ्यातला एकुलता एक जुना फाइल सर्व्हर. नाजूक जागा होती तशीच राहिली, चित्रात फक्त खाली सरकली. त्या सर्व्हरला दोन कंट्रोलर असलेलं स्टोरेज द्यायचं, की दोन यंत्रांत डिस्क ब्लॉकगणिक एकसारखी ठेवणारं डीआरबीडी लावायचं, यावर माणसं तासन्‌तास भांडतात. खुशाल भांडावं, पण भांडण त्या जागेवर व्हावं.

मी या कामात शिकलो ते ग्रिड इंजिनवर. सनने ते बनवणारी जर्मनीतली मूळ कंपनी २००० मध्ये घेतली, २००१ मध्ये कोड खुला केला, २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली, आणि पुढे त्या कोडची इतकी घरं झाली की नातेवाइकांचा हिशेब ठेवणं अवघड. पण त्यातली शॅडो मास्टरची, म्हणजे राखीव मास्टरची कल्पना मला अजून आवडते, कारण ती साधी आहे. मास्टर दर ३० सेकंदांनी हार्टबीटच्या फायलीतला आकडा बदलतो. शॅडो मिनिटामिनिटाला तो बघतो. चार मिनिटं आकडा हलला नाही की ताबा घ्यायची तयारी करतो. मास्टर तुम्ही स्वतः शिस्तीत बंद केलात, तर तो जाताना लॉक नावाची फाइल ठेवून जातो. ती दिसली की शॅडो हात लावत नाही. मेला आणि सांगून गेला यातला फरक त्याला कळतो.

त्यातला स्पूलही मी साध्या मजकुराच्या फायलींत ठेवायचो. बर्कली डीबी वेगवान होती खरी, पण एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीवर ती चालत नसे. तिच्यासाठी वेगळा सर्व्हर ठेवला की तोच नवा एकुलता एक. शिवाय रात्री दोन वाजता काय बिघडलं ते डोळ्यांनी वाचता येणं याची किंमत माझ्या लेखी वेगापेक्षा जास्त आहे. यावर माझ्याशी सहमत नसलेले हुशार लोक मला माहीत आहेत.

तरुण सहकारी चार मिनिटं ऐकून अस्वस्थ होतात. पाच सेकंदांत फेलओव्हर करून दाखवतो म्हणतात. दाखवतीलही. पण हार्टबीट थांबला याचा अर्थ मास्टर मेला असा होत नाही. स्विच क्षणभर गुदमरला असेल, डिस्कवरचं लिखाण अडकलं असेल, मेमरी भरल्यामुळे यंत्र नुसतं हाशहुश करत असेल. मेलेला मास्टर त्रास देत नाही. त्रास देतो अर्धमेला. त्याला पिंग केलं तर उत्तर देतो, लॉगिन करू देत नाही, आणि आपल्या जागी दुसरा आला आहे हे न कळल्यामुळे दहा मिनिटांनी शुद्धीवर येऊन पुन्हा लिहू लागतो. एकाच खतावणीत दोन मुनीम, दोघांनाही वाटतं की दुसरा सुटीवर आहे. सकाळी निम्मे जॉब दोनदा चाललेले आणि निम्मे कोणाच्याच खात्यावर नाहीत, असा हिशेब हाती येतो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे फेन्सिंग. ताबा घेण्याआधी दुसऱ्याने पहिल्याची वीज तोडायची आणि ती तुटल्याची पावती मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. फेलओव्हर सांभाळणारं पेसमेकर याबाबतीत हट्टी आहे. पावती नाही तर सेवा सुरू नाही. लोक या हट्टाला वैतागून फेन्सिंग बंद करतात, आणि प्रात्यक्षिकात सगळं झकास चालतं. आखणीत खाच पुढेच असते. वीज तोडायचा हुकूम सर्व्हरच्या आतल्या व्यवस्थापन-चिपकडे जातो, आणि ती चिप त्याच सर्व्हरच्या विजेवर जगते. सर्व्हरची वीजच गेली तर चिपही गेली. मेलेला ‘मी मेलो’ सांगायला उरत नाही आणि जिवंत बिचारा पावतीची वाट बघत बसतो. म्हणून दुसरी वाट लागते. रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पीडीयूचे त्या सर्व्हरचे सॉकेटच बंद करायचे. दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही, नाहीतर एक बंद करून काय उपयोग?

दोनच यंत्रं असली आणि मधली तार तुटली, तर दोघंही एकमेकांची वीज तोडायला धावतात. त्यासाठी एकाला काही सेकंद उशिरा धावायला लावतात, किंवा मतदानाला तिसरा आणतात. तिसरा कितीही फाटका सर्व्हर चालतो, पण तो दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या स्विचवर हवा. दोन्ही मास्टर आणि तिसरा मतदार एकाच व्हर्च्युअल मशीनच्या यजमानावर बसवलेले मी पाहिले आहेत. आराखड्यात तीन चौकोन, खोलीत एक डबा. लायसन्स सर्व्हर, डीएनएस आणि एलडॅप कोणी चित्रात काढतच नाही. मास्टर जिवंत, पण वापरकर्त्याचं नाव ओळखणारं कोणी नाही, तेव्हा तो न काढलेला चौकोन आठवतो.

आणि पुण्यात आखणी करायची तर पाण्याचा विचार करावा लागतो, हे बाहेरच्या सल्लागाराला पटत नाही. यूपीएस, जनरेटर, मे महिन्यातली वादळं त्याला समजतात. पण पाण्यावर चालणारा चिलर असेल तर त्याच्या कूलिंग टॉवरमधून पाणी सतत उडत असतं, ते भरत राहावं लागतं, आणि दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्याची आमच्या महापालिकेची जुनी सवय आहे. टाकी किती तास पुरते, हे मी मतदानाच्या कोरमच्या शेजारीच लिहून ठेवतो. खोलीचं तापमान चढलं की दोन्ही मास्टर एकत्रच बंद पडतात. तिथे फेलओव्हर कुणाकडे करणार?

चाचणी म्हणजे सेवा शिस्तीत बंद करून दुसरीकडे उठते का ते बघणं, असं समजलं जातं. त्याने फक्त लॉक फाइल तपासली जाते. मी केबल ओढतो. आधी विजेची, मग नेटवर्कची, मग एनएफएसची. शेवटी मास्टरच्या प्रोसेसला थांबण्याचा सिग्नल देऊन गोठवतो, मारत नाही, आणि दुसऱ्याने ताबा घेतल्यावर पुन्हा जागं करतो. या शेवटच्या परीक्षेत जो आराखडा पास होतो तोच मी सहीसाठी पाठवतो. वापरकर्त्यांना जॉबमध्ये चेकपॉइंट टाकायला लावणं हे या सगळ्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी आहे, पण ते काम माझ्या बजेटमध्ये बसत नाही, त्यांच्या सवयीत बसवावं लागतं.

परतीचा रस्ताही आराखड्यात लिहावा लागतो. स्लर्ममध्ये पहिला कंट्रोलर उठला की तो आपणहून ताबा परत घेतो. ग्रिड इंजिनमध्ये शॅडोने घेतलेला ताबा त्याच्याकडेच राहतो, परत न्यायचा तर माणसाने मायग्रेटची आज्ञा द्यावी लागते. मला दुसरी पद्धत पसंत आहे. जे यंत्र रात्री का पडलं ते अजून कळलेलं नाही, त्याच्या हाती पहाटे पुन्हा कारभार द्यायची घाई कशाला? स्लर्म लावतो तिथे म्हणून मी पडलेल्या कंट्रोलरचा डेमन बूटबरोबर आपोआप सुरू होऊ देत नाही. यंत्र उठतं, लॉग वाचले जातात, मेमरीची तपासणी होते, आणि दुपारच्या जेवणानंतर, रांग जरा हलकी असेल तेव्हा, कोणीतरी तो हाताने सुरू करतं.