सुखात दडलेले ‘पुरे’

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गन नावाचे बंदर आहे. डोंगरांनी वेढलेल्या या शहरात वर्षातील बहुतेक दिवस पाऊस असतो. बंदराच्या कडेला लाल, पिवळ्या व पांढऱ्या रंगांच्या लाकडी घरांची एक जुनी रांग उभी आहे. तिचे नाव ब्रिग्गेन, म्हणजे धक्का. १९७९ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. प्रवासी येतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. व्यापारी घराण्यातील माणसाने मात्र येथे थोडे थांबावे, कारण ही घरे म्हणजे मुळात पेढ्या आणि वखारी.

इ. स. १३६० च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांच्या ‘हान्सा’ संघाने येथे आपली पेढी थाटली व ती सुमारे चारशे वर्षे चालली. उत्तरेकडून येणारा वाळवलेला मासा घ्यायचा आणि धान्य द्यायचे, असा हा व्यवहार होता. जैन वाचकाला त्या मालाचे नाव रुचणार नाही. तरी त्या पेढीची शिस्त लक्षात घेण्याजोगी आहे. आगीच्या भयाने राहत्या घरांत विस्तव पेटवण्यास मनाई होती. स्वयंपाक व ऊब यांसाठी मागील बाजूस स्वतंत्र सभागृहे होती. पेढीवरील पुरुषांनी तेथे असेपर्यंत अविवाहित राहावे असा दंडक होता. त्या अंधाऱ्या, थंड हिवाळ्यांत त्यांचे जीवन किती नियमबद्ध असेल, याची कल्पना त्या अरुंद बोळांतून चालताना येते.

या व्यापाऱ्यांबरोबर त्यांची भाषाही आली. ‘बेताले’ म्हणजे पैसे चुकते करणे आणि ‘हांदेल’ म्हणजे व्यापार हे नॉर्वेजियन शब्द त्यांच्याच उत्तर जर्मन बोलीतले. पुढे काही शतके डेन्मार्कची सत्ता राहिली व अशा शब्दांची भर पडत गेली. हिशेबाच्या शब्दांबरोबर सुखाचे आणि इच्छेचेही काही शब्द याच वाटेने आले, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानात येते.

इंग्रजीतील ‘प्लेझर’ हा शब्द घेऊन कोणी नॉर्वेजियन कोश उघडला, तर त्याला एक उत्तर मिळत नाही. ‘ग्लेदे’ म्हणजे अंतःकरणाचा आनंद. नातवंड भेटल्यावर होतो तो. ‘न्यूतेल्से’ म्हणजे उपभोग. तंबाखू, मद्य, कॉफी यांसारख्या पदार्थांच्या वर्गाला नॉर्वेजियन भाषेत याच शब्दावरून नाव पडले आहे. तिसरा शब्द ‘फॉर्नॉयेल्से’. कोणी काम सांगितले असता ‘आनंदाने करतो’ असे म्हणताना तो वापरतात. त्याच्याच घरातला ‘फॉर्नॉय्द’ हा शब्द दुकानदाराच्या परिचयाचा आहे, कारण समाधानी गिऱ्हाइकाचे ते विशेषण आहे.

या तिसऱ्या शब्दाची व्युत्पत्ती मोठी अर्थपूर्ण आहे. त्याचे मूळ जर्मन ‘गेनूग’, इंग्रजी ‘इनफ’ आणि नॉर्वेजियन ‘नॉक’ या शब्दांच्या कुळातले, म्हणजे ‘पुरे’ या अर्थाचे आहे. जेथे मनाला पुरे वाटले, तेथे सुख झाले, असा त्याचा मूळ भाव. ‘नॉयसोमहेत’ हा शब्दही याच कुळातला असून त्याचा अर्थ थोडक्यात भागवण्याची वृत्ती. सुख आणि काटकसर या दोन गोष्टी आज परस्परविरोधी समजल्या जातात. या भाषेत त्या एकाच मुळावर वाढल्या आहेत. अर्थात आजच्या नॉर्वेजियन माणसाला बोलताना हे मूळ आठवत असेलच असे नाही. करमणुकीच्या उद्यानालाही तो ‘फॉर्नॉयेल्से’चेच नाव देतो.

बर्गनहून ओस्लोला जाणारी रेल्वे १९०९ साली पूर्ण झाली. सुमारे सात तासांच्या या प्रवासात गाडी हार्दांगरविद्दा पठाराच्या कडेने जाते आणि १२२२ मीटर उंचीवरील फिन्से या स्थानकावर थांबते. भर उन्हाळ्यातही तेथे बर्फाचे पट्टे दिसतात. या प्रवासात सहप्रवाशाने विचारले, ‘कॉफी घेण्याची ल्युस्त आहे का?’, तर इंग्रजी शिकलेला भारतीय क्षणभर चपापतो. इंग्रजीतील ‘लस्ट’ हा याच शब्दाचा सख्खा भाऊ. पूर्वी इंग्रजीतही त्याचा अर्थ केवळ आवड वा आनंद एवढाच होता; पुढे तो संकोचत वासनेपाशी जाऊन थांबला. नॉर्वेत मात्र ‘ल्युस्त’ बऱ्याच अंशी निरागस राहिली. कॉफीची ल्युस्त, फिरायला जाण्याची ल्युस्त, झोपण्याची ल्युस्त! उकार दीर्घ केला की तीच अक्षरे ‘उजळ’ असा अर्थ देतात.

अनावर इच्छेसाठी तेथे निराळा शब्द आहे, ‘बेयॅर’. शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नये, या बायबलमधील आज्ञेत त्याचेच क्रियापद येते. साधी अपेक्षा असेल तर ‘ओन्स्के’, मनाची ओढ असेल तर ‘ल्युस्त’ आणि लालसा असेल तर ‘बेयॅर’. इंग्रजी ‘डिझायर’ या एका शब्दात हे तिन्ही अर्थ सामावून जातात, आणि घरोघरी मुलांशी बोलतानाही तसेच होते. मुलाने काही मागितले की एक तर सगळेच पुरवले जाते, नाहीतर सगळ्यालाच हाव म्हटले जाते. जैन परंपरेने हा गोंधळ फार पूर्वी ओळखला. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूत गुंतून पडलेल्या चित्तावरून केली. तहान ही तृष्णा नव्हे, हे ओळखता आले तरच तृष्णेला आवर घालता येतो.

पठारावर पर्यटन संघाच्या कुट्या आहेत. हा संघ १८६८ साली स्थापन झाला. अनेक कुट्यांवर रखवालदार नसतो. सभासदांकडे एकाच नमुन्याची किल्ली असते. काही कुट्यांत शिधा भरून ठेवलेला असतो. प्रवाशाने गरजेपुरता घ्यावा, काय घेतले ते स्वतः नोंदवावे व पैसे चुकते करावेत. कोणी पाहत नसताना ‘पुरे’ म्हणण्याची ही परीक्षाच होय.

ओस्लोत शनिवारी एक मौज दिसते. मुले दुकानात कागदी पिशवीत मोजकी गोड गोळी भरून घेतात. याला ‘लोर्दागसगॉट’, म्हणजे शनिवारचा खाऊ म्हणतात. बऱ्याच घरांत असा खाऊ आठवड्यातून एकदाच, शनिवारी मिळतो. व्रताचे नाव नाही, परंतु नियम आहे; आणि वाट पाहिल्यामुळे गोडी वाढते, हे मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

याच शहरात बांकप्लासेन नावाचा चौक आहे. तेथे नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेची इमारत आहे. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्क येथे तेलाचा मोठा साठा सापडला आणि मच्छीमार व नाविकांचा हा देश धनाढ्य झाला. १९९० साली कायदा करून तेलाच्या मिळकतीसाठी निधी स्थापण्यात आला. १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम जमा झाली. आज जगातील नोंदणीकृत कंपन्यांच्या भांडवलात या निधीचा सरासरी सुमारे दीड टक्का वाटा आहे, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम ५५ लाखांच्या आसपास. २००१ साली ठरले की सरकारने निधीच्या अपेक्षित वास्तव परताव्याइतकीच, म्हणजे साधारण ४ टक्के रक्कम वर्षाला वापरावी. २०१७ मध्ये ही मर्यादा ३ टक्क्यांवर आणली गेली. मुद्दलाला हात लावायचा नाही, हा आपल्या वाडवडिलांचा पेढीवरचा नियम एका राष्ट्राने स्वीकारला आहे. तंबाखूचे उत्पादन करणाऱ्या कंपन्यांत गुंतवणूक करायची नाही, असाही निर्बंध या निधीवर आहे.

तथापि चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. समुद्रातून तेल उपसण्याला या देशाने अद्याप ‘पुरे’ म्हटलेले नाही. १९९३ पासून तेथे व्यापारी देवमासेमारीही पुन्हा सुरू आहे. नॉर्वेचा संयम खर्चात दिसतो, कमाईत तितकासा दिसत नाही. श्रावकाच्या आचारात दोन्हींचा विचार आहे. परिग्रहपरिमाण व्रताने किती बाळगायचे ते ठरते, तर पंधरा कर्मादानांच्या निषेधाने कसे कमवायचे नाही ते ठरते. शास्त्र आपल्यापाशी पूर्ण आहे. मात्र लग्नसमारंभातील पदार्थांची संख्या, कपाटातील वस्त्रांचे थर आणि मुलांच्या हातातील रोज नवी वस्तू पाहिली, की आचरणात कोण पुढे आहे याचे उत्तर देणे अवघड जाते.

पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात अनेक घरांत वर्षभराचे नियम घेतले जातात. त्या दिवशी मुलांना शेजारी बसवून एक साधा प्रश्न विचारता येईल: तुला हवी असलेली ही वस्तू ‘ओन्स्के’ आहे, ‘ल्युस्त’ आहे की ‘बेयॅर’? शब्द परदेशी असल्याने मुले हसतील, पण उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबतील. मग एखाद्या मुलाने आपल्या आवडीच्या खाऊसाठी आठवड्यातला एकच वार स्वतः निवडला, तर आजीने तो वहीत लिहून ठेवावा. तिच्या स्वतःच्या नियमांच्या खालीच तो शोभून दिसेल.